सांडपाण्याचा भाव

साक्रीहून सुरतेला एसटी हायवेने सरळ जाते, तरी मी वाकडी वाट करून नंदुरबारला येतो आणि तिथून रेल्वे पकडतो. कारण नवापूर. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध हद्द दाखवून दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली आहेत. लहानपणी लग्नाकार्याला सुरतेला जाताना गाडी थांबली की आम्ही खाली उड्या मारून 'परराज्यात' जाऊन यायचो. परवा डिसेंबरात पन्नाशी उलटलेला मी तेच करून आलो, फक्त उडी न मारता.

या खेपेला मात्र लग्न नव्हतं की बारसं नव्हतं. शेती आणि विजेवर लिहून माझं पोट चालतं, आणि आमच्या तालुक्यात विजेला तोटा नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. नंदुरबारच्या रस्त्याला लागलं की पाती फिरताना दिसतात. पण ती वीज तारांवर चढते आणि निघून जाते. गावातल्या माणसाला तिचा हिशेब कधी दिसत नाही. सुरतेत म्हणे शहर स्वतःच्या घाणीतून वीज काढतं आणि गटाराचं पाणी गिरण्यांना विकतं. ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

खांडबाऱ्याला समोरच्या बाकावर एक शेतकरी येऊन बसले. त्यांनी नुकताच सौर पंप बसवला होता. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या आपल्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के. पंप कसा चालतो, असं विचारलं तर त्यांनी पाण्याचं काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "आता रात्री बारे द्यायला जावं लागत नाही. मागच्या सालापर्यंत बॅटरी घेऊन साप चुकवत जायचो." दिवसा वीज देणं हे पलीकडे गुजरातेतही सरकारी योजनेचं कलम झालं आहे, २०२० मध्ये सुरू झालेल्या किसान सूर्योदय योजनेत पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेत शेतीला वीज द्यायचं ठरलं. सौर ऊर्जेच्या भाषणांत कार्बन फार असतो. शेतकऱ्याच्या बोलण्यात रात्रीची झोप असते.

उच्छल गेलं की उकाई-सोनगड. १९७२ मध्ये पुरं झालेलं उकाई धरण आणि त्याचं ३०० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र इथून जवळ. पुढे व्यारा, आणि त्याच्या आसपास काकरापारची अणुभट्टी; तिथले ७०० मेगावॅटचे दोन नवे संच भारतीय बनावटीचे आहेत. एकाच लोहमार्गावर दोन तासांत पाणी, अणू आणि त्यानंतर ऊस. मढी, बारडोली, चलथाण ही लागोपाठची स्टेशनं म्हणजे सहकारी साखर कारखान्यांची नावं. उसाच्या चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, कारखान्याचा बॉयलर चालतो हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. सांगायचं ते हे, की इथल्या फडात कोयता चालवणारे पुष्कळ हात डांगचे, धुळ्याचे, नंदुरबारचे आहेत. तोडणीच्या जोडीला तिथेही 'कोयता' असंच म्हणतात.

उधन्याला उतरलो. फलाटाबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी कानावर पडते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हा सुरतेतला खान्देश. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, आखाजीला झोके बांधले जातात, लूम्सच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी आमच्याकडची तिसरी पिढी आता इथे आहे. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला नाना म्हणतो, त्यांतलाच. १९८८ साली आला. रंगाच्या गिरणीत जेट मशीनवर होता, आता दुसऱ्या एका गिरणीत बॉयलरवर आहे.

नानाचं नाव घेतलं की आमच्या घरात अजून सप्टेंबर १९९४ आठवतो. सुरतेत प्लेग आला आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. नाना रात्री दोन वाजता दारात उभा राहिला तेव्हा आईने त्याला पोटाशी धरलं नाही. आधी गोठ्यात अंथरूण टाकलं, कपडे उकळत्या पाण्यात घातले, आठ दिवस ताट लांबून सरकवलं. त्या साली पुराचं पाणी शहरात शिरलं होतं, ते ओसरल्यावर कचरा आणि मेलेली जनावरं उचलली गेली नव्हती. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि सुरतेने झाडू हातात घेतला. त्यातून पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर इंदूरच्या बरोबरीने देशात पहिलं आलं. झाडलोटीची कथा बऱ्याच जणांनी लिहिली आहे. मला तिच्या पुढचा भाग जास्त रंजक वाटतो: झाडून झाल्यावर गोळा झालेल्या मालाचं काय करायचं, हा व्यापारी शहराला पडलेला प्रश्न.

लिंबायतपासून जवळच अंजना इथलं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. ओळखीने आत जाता आलं. वासाची मनाची तयारी करून गेलो होतो, प्रत्यक्षात तो आमच्या गोठ्यापेक्षा फार नव्हता. इथे दिवसाला सुमारे सव्वाआठ कोटी लिटर मैलापाणी येतं. ते शुद्ध करताना तळाशी गाळ बसतो. हा गाळ घट्ट करून बंद टाक्यांत, डायजेस्टरमध्ये, सोडतात. तिथे हवा नसते, ऊब असते, आणि हवेवाचून जगणारे जिवाणू तो पचवतात. निघणाऱ्या वायूत साठ टक्क्यांच्या वर मिथेन. म्हणजे आपला गोबरगॅसच, फक्त गाईऐवजी शहराचा. अडचण एकच, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. तो इंजिनाचं पोलाद खातो. म्हणून वायू आधी धुऊन घेतात आणि मग जनित्राच्या इंजिनाला देतात. २००३ मध्ये इथे अर्ध्या मेगावॅटचा संच सुरू झाला. मैलापाण्याच्या वायूवर वीज करणारी सुरत ही देशातली पहिली महापालिका. पुढे सिंगणपोर, भटार आणि करंज इथे एकेक मेगावॅटचे संच बसले.

"साहेब, अर्धा मेगावॅट म्हणजे काय मोठं?" मी जरा खोचकपणे विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर ब्राह्मणवेल होतं. केंद्रातले अभियंता हसले. त्यांनी पंपांकडे बोट केलं. शहराच्या महापालिकेचं विजेचं बिल रस्त्यावरच्या दिव्यांनी फुगत नाही, ते पाण्याने फुगतं. तापीतून पाणी उपसायचं, टाक्यांवर चढवायचं, वापरून झालं की मैलापाणी पुन्हा पंपाने ढकलत न्यायचं, त्यात हवा मारायची. केंद्राची स्वतःची भूक केंद्रातच भागली, तर तेवढी वीज विकत घ्यायला नको. उरलेल्या भुकेसाठी याच महापालिकेने २०१० मध्ये पोरबंदरजवळ अडोदरला ३ मेगावॅटच्या पवनचक्क्या घेतल्या आणि नंतर वाढवत नेल्या. चक्क्या तिकडे फिरतात, वीज ग्रिडमध्ये जाते आणि सुरतेच्या पंपांच्या बिलातून तेवढे युनिट वजा होतात. आमच्या पठारावरची वीज कोणाच्या बिलातून वजा होते, हे मी साक्रीत कधी कोणाला विचारलंही नव्हतं.

दुपारी बमरोलीला गेलो. अंजनात वायू मिळतो, इथे पाणी. केंद्रातून शुद्ध होऊन निघालेलं पाणी एरवी खाडीत सोडलं जातं. बमरोलीत ते आणखी गाळतात: अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून, मग दाब देऊन आर.ओ.मधून. घरातल्या फिल्टरचंच तत्त्व, फक्त दिवसाला ४ कोटी लिटरच्या मापाने. २०१४ पासून हे पाणी पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग गिरण्यांना नळाने विकलं जातं. सुरुवातीचा दर हजार लिटरला अठरा रुपयांच्या आसपास होता. गिरण्यांनी आधी नाकं मुरडली असतील, पण कापड रंगवणाऱ्याला पाण्यात सगळ्यांत नकोसा असतो तो क्षार, आणि आर.ओ.च्या पाण्यात क्षार कमी. कूपनलिकेच्या जड पाण्यापेक्षा रंग सारखा बसतो. पुढे डिंडोलीलाही असंच केंद्र झालं. तापीचं तेवढं गोडं पाणी पिणाऱ्यांसाठी राहिलं.

मी त्या पाण्याचा पेला हातात धरून पाहिला. प्यायलो नाही. तेवढा पुरोगामी मी नाही.

गटाराच्या पाण्याला भाव ठरवायला फार मोठं तंत्रज्ञान लागलं असं मला वाटत नाही. आर.ओ. सगळ्यांकडे आहे. लागलं ते शेजारी गिऱ्हाईक असणं आणि त्याच्याशी व्यवहार बोलायची सवय असणं. आपल्या कितीतरी नगरपालिकांचं शुद्धीकरण केंद्र गावाच्या एका टोकाला आणि औद्योगिक वसाहत दुसऱ्या टोकाला असते. मधली पाइपलाइन कोणी टाकायची, यावर फाईल थांबते.

संध्याकाळी नानाच्या गिरणीच्या बाजूने चालत होतो. पांडेसऱ्यात मान वर केली की धुराडीच दिसतात. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला दगडी कोळसा नाहीतर लिग्नाइट. या धुराड्यांवर सुरतेत जे घडलं ते देशात आधी कुठेच घडलं नव्हतं. धुरातल्या धूलिकणांचा बाजार. २०१९ च्या पर्यावरण दिनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी तो सुरू झाला.

आधीची रीत नानाने सांगितली. इन्स्पेक्टर वर्षातून एखाददा यायचा, धुराड्याला नळी लावून नमुना घ्यायचा. "तो दिन भट्टी कशी देखणी चाले," नाना म्हणाला. नव्या रीतीत धुराड्यात कायमचं यंत्र बसलं. किती धूलिकण बाहेर पडले ते सतत मोजून मंडळाकडे पाठवतं. मग मंडळाने सगळ्या गिरण्यांची मिळून एक मर्यादा ठरवली आणि तेवढ्या वजनाचे परवाने काढले. थोडे वाटले, थोडे लिलावात. ज्याने चांगला बॅग फिल्टर बसवला त्याचे परवाने उरतात, तो विकतो. ज्याला फिल्टर परवडत नाही किंवा ज्याची भट्टी जुनी आहे तो विकत घेतो. हिशेबाच्या वेळी परवान्यांपेक्षा धूर जास्त निघाला तर आधीच ठेवलेल्या अनामतीतून दंड कापला जातो.

शिकागो, येल वगैरे विद्यापीठांतले अर्थशास्त्रज्ञ, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन, मंडळाबरोबर या प्रयोगात होते. तीनशेहून अधिक गिरण्या घेऊन त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले: निम्म्या बाजारात, निम्म्या जुन्या नियमाखाली. बाजारातल्या गिरण्यांचे धूलिकण वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाले, आणि धूर आवरण्याचा खर्चही तुलनेने कमी आला. सुरतेचा व्यापारी धुराचा भाव पाडून घेईल असं मला आधी वाटलं होतं. झालं ते असं, की धुराला भाव आल्यावर मालक पहिल्यांदा धुराड्याकडे बघायला लागले. नानाला परवान्यांची भानगड ठाऊक नव्हती. त्याला एवढंच ठाऊक की बॅग फिल्टरची पिशवी फाटली तर पूर्वी पंधरा दिवस कोणी विचारत नसे, आता सुपरवायझर त्याच पाळीत बदलायला लावतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हा बाजार धुळीचा आहे, कार्बनचा नाही. कोळसा जळतोच आहे.

रात्री नानाने तापीकाठी अडाजणला पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडा, ज्वारीचाच, फक्त सुरतकरांनी त्याच्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालून त्याचा उत्सव केला आहे. आम्ही खान्देशी माणसं हुरडा शेतात फुकट खाणारी. किलोचा भाव ऐकून नाना दर वर्षी तेच वाक्य बोलतो आणि दर वर्षी घेतो.

दुसऱ्या दिवशी हजिऱ्याकडे. इथे सगळं अजस्र: बंदर, खतकारखाना, पोलाद, वायू. ज्या रस्त्यावरून रिक्षा चालली होती त्याची मला आधीच माहिती होती, म्हणून रिक्षा थांबवून खाली उतरलो. रिक्षावाल्याला वाटलं मला उलटी होतेय. पोलाद गाळताना जी राख-खडी उरते, स्लॅग, तिचे इथे डोंगर साठत. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने ती प्रक्रिया करून खडीऐवजी वापरली आणि २०२२ मध्ये सुमारे एक किलोमीटरचा सहापदरी रस्ता केला. त्यात एक लाख टनांच्या आसपास स्लॅग गेली. देशातला अशा तऱ्हेचा हा पहिला रस्ता. त्याची जाडी नेहमीपेक्षा तीस टक्के कमी आहे आणि त्यावरून दिवसभर अवजड ट्रक जातात. पाहायला काय आहे? काही नाही. काळा रस्ता. तेवढी खडी कुठल्यातरी टेकडीतून फोडावी लागली नाही, ती टेकडी इथून दिसत नाही.

वाटेवरच कवास. एन.टी.पी.सी.च्या वसाहतीत, आदित्यनगरमध्ये, जानेवारी २०२३ पासून घरगुती पाइपच्या गॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळला जातो. हाही देशातला पहिला प्रयोग. तिथल्या पाण्यावर तरंगणारे १ मेगावॅटचे सौर पॅनल, त्यांच्या विजेने पाण्याचं विघटन, निघालेला हायड्रोजन चुलीकडे. ऐकायला जादू वाटते, पण हिशेब मांडावा. सुरुवातीला मिश्रण आकारमानाने पाच टक्क्यांपर्यंत होतं. हायड्रोजनची उष्णता तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते. म्हणजे पाच टक्के हायड्रोजनने चुलीची उष्णता भागते ती दोन टक्क्यांच्या आतच. पोळी भाजणाऱ्या बाईला फरक कळू नये, हाच या प्रयोगाचा हेतू, आणि तो साधलाही असेल. मला विचाराल तर हायड्रोजनची जागा चुलीत नाही. ती खतात, पोलादात, रिफायनरीत, जिथे त्याला पर्याय नाही तिथे आहे. हजिऱ्यातच लार्सन अँड टुब्रोने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतःच्या कारखान्यासाठी दिवसाला ४५ किलोंचा हरित हायड्रोजन प्रकल्प सुरू केला. आकडा लहान, पण जागा बरोबर.

परतताना खजोदला डायमंड बोर्स बाहेरून पाहिलं. नऊ मनोरे, साडेचार हजारांच्या वर कार्यालयं, आणि गारवा राखायला फरशीखालून गार पाण्याचे पाइप फिरवलेले. बांधणी हुशारीची आहे यात शंका नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झाल्यावर बरेच व्यापारी मुंबईहून हललेच नाहीत आणि पुष्कळ गाळे कुलूपबंद राहिले. रिकाम्या इमारतीला गार ठेवायची पद्धत कितीही उत्तम असली तरी तिचं कौतुक लांबवावंसं वाटेना.

सुरतेच्या छतांवर मात्र मी तासभर काढला. वराछा, अडाजण, कतारगाम; पुलावरून पाहिलं तरी निळे-काळे पॅनल दिसतात. गुजरात घरगुती सौर छतांत वर्षानुवर्षं देशात पुढे आहे. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि तीन किलोवॅटवर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात. मध्यम घराला पुरून उरतात. इथले पॅनल उंच लोखंडी चौकटींवर बसवलेले, खालून माणूस सरळ चालत जाईल एवढे. एका आजोबांना कारण विचारलं. ते माझ्याकडे, मी खुळा आहे असं बघत म्हणाले, "उत्तरायणला पतंग कुठून उडवायचा?" ऊर्जेच्या कुठल्याही पुस्तकात हे कारण सापडणार नाही.

पॅनल बनतातही इथेच. सुरत-नवसारीच्या पट्ट्यात मोठे कारखाने आहेत. त्यांतल्या 'वारी' कंपनीचे संस्थापक हितेश दोशी मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या टुनकीचे, आणि कंपनीचं नाव गावाकडच्या वारीच्या देवळावरून. सुरतेत पॅनलच्या मागे चिकटवलेलं ते नाव वाचताना मराठी माणसाला उगाच दिंडी आठवते.

रात्री नानाच्या खोलीवर जेवलो. वहिनींनी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. चाळीच्या मालकाने गेल्या वर्षी छतावर पॅनल बसवले आहेत, जिन्यातून दिसतात. मालकाचं बिल जवळपास शून्यावर आलं. खोल्यांना सबमीटर आहेत आणि भाडेकरूंचा युनिटचा दर होता तोच आहे. मी म्हटलं, "नाना, बोल ना मालकाशी." त्याने भरीत पुसून घेतलं. "आठे आपलं धाबं कोठे शे, भाऊ? ऊन मालकनं, बिल आपलं."

धाबं आहे, पण साक्रीत. मावशी गेल्यापासून ते घर बंद असतं. दिवाळीत आठ दिवस उघडतं. सकाळी उधन्याला सोडायला आला तेव्हा नानाने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. घराच्या वीजबिलाची झेरॉक्स. दोन महिन्यांत एक युनिट जळालेलं. "तिकडं पॅनल बसतील का, तेवढं विचारून ठेव," म्हणाला. "इथलं काही आपल्या नावावर व्हायचं नाही." गाडी हलली तरी तो खिडकीबरोबर चालत, दक्षिणेची बाजू मोकळी आहे, निंबाची सावली फक्त सकाळची पडते, असं सांगत होता.